चिघळलेली जखम आणि कोळ्यावरचा आळ

पावसाळा सुरू झाला की नवी मुंबईतल्या नेरूळच्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास येते. मांडीवर, दंडावर किंवा कंबरेशी एक लाल, गरम गाठ. मधोमध काळपट ठिपका. बोट लागले तरी जीव कळवळतो. रुग्ण सांगतो की रात्री झोपेत काहीतरी चावले, कोळीच असणार, कारण सकाळी पलंगामागच्या भिंतीवर तो दिसला होता. तोवर घरच्यांनी चुना लावून पाहिलेला असतो, मग केमिस्टकडची ट्यूब, मग तीन दिवसांच्या गोळ्या, आणि तरीही जखम हटलेली नसते. या हकिगतीतले बाकीचे सगळे बहुतेक वेळा खरे असते, फक्त कोळी खरा नसतो. अशा जखमांपैकी फारच थोड्या कोळ्याच्या चाव्याने झालेल्या असतात; बहुतेक जिवाणूंनी केलेल्या असतात. हा प्रश्न केवळ कोळ्याच्या अब्रूचा असता तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. पण कोळी म्हटले की माणूस विष आपोआप उतरण्याची वाट पाहत बसतो. जंतुसंसर्ग म्हटले की पू काढावा लागतो, रक्तातली साखर तपासावी लागते, घरातले टॉवेल वेगळे करावे लागतात. चुकीच्या आरोपीमागे लागण्यात जे दिवस जातात, त्याच दिवसांत जखम चिघळते.

आधी आरोपीची बाजू पाहू. नेरूळच्या घरांत कोळी आहेत, आणि भरपूर आहेत. एका बाजूला पाम बीच रस्त्यालगतची खारफुटी, दुसऱ्या बाजूला तलाव आणि बागा, त्यामुळे डास आणि किडे मुबलक. जिथे किडे तिथे कोळी येणारच. बाथरूमच्या कोपऱ्यात विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकणारा काडीसारख्या पायांचा कोळी, खिडकीच्या कठड्यावर टुणकन उडी मारणारा बुटका कोळी, आणि रात्री दिवा लावताच भिंतीवर तळहाताएवढे पाय पसरून बसलेला दिसणारा तपकिरी कोळी, ज्याला पाहून लोक सर्वांत जास्त दचकतात. हा शेवटचा जाळे विणत नाही, झुरळे पकडून खातो. जवळजवळ सर्वच कोळ्यांना विष असते, पण ते किड्यांना लुळे करण्यापुरते. बहुतेक घरगुती कोळ्यांचे विषदंत माणसाच्या कातडीत नीट शिरतही नाहीत. शिवाय डास आणि ढेकूण यांना माणसाचे रक्त हवे असते, तसे कोळ्याला माणसाकडून काहीच नको असते. झोपलेल्या माणसाला शोधत येऊन चावण्याचे त्याला कारण नाही. तो चावतो ते बहुधा चिरडला जाताना: चपलेत, वाळत घातलेल्या कपड्याच्या घडीत किंवा अडगळ उपसताना हाताखाली सापडला तर. असा चावा लगेच जाणवतो आणि त्या वेळी कोळी सहसा तिथेच असतो. सकाळी जखम दिसली आणि संध्याकाळी छतावर कोळी दिसला, एवढ्यावरून चावा सिद्ध होत नाही.

याला पुरावा आहे, आणि तो जमवताना लोकांनी चिकाटी दाखवली आहे. ऑस्ट्रेलियात इस्बिस्टर आणि ग्रे या संशोधकांनी चाव्याच्या अशा ७५० घटना जमवल्या, ज्यांत कोळी चावताना दिसला, पकडला गेला आणि तज्ज्ञाने ओळखला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांस सडून खड्डा पडलेली जखम एकाही रुग्णाला झालेली नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका घराची नोंद प्रसिद्ध झाली. तिथे ‘ब्राऊन रेक्लूज’ हा खरोखर विषारी कोळी राहतो, ज्याच्या चाव्याने कातडी मरू शकते. त्या एका घरातून सहा महिन्यांत २,०५५ कोळी पकडले गेले, आणि त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबातल्या कोणालाही विषबाधा झाल्याची नोंद नव्हती. तिसरा पुरावा रुग्णालयातला. दक्षिण कॅलिफोर्नियात ‘कोळी चावला’ म्हणून आलेल्या १८२ रुग्णांची छाननी झाली, तेव्हा कोळ्याचा चावा ठरला फक्त ७ जणांचा. १५६ जणांना, म्हणजे ८५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना, त्वचेचा जंतुसंसर्ग होता. लॉस एंजेलिसच्या तुरुंगातले कैदी २००२च्या सुमारास कोळी चावत असल्याची तक्रार करत होते. तपासात निघाला तो औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू, एकाकडून दुसऱ्याकडे पसरत चाललेला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे सगळे परदेशातले, आपल्याकडचे कोळी वेगळे. वेगळे आहेत, हे खरे. सह्याद्रीच्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे, केसाळ, नक्षीदार टॅरँट्युला आहेत आणि त्यांचा चावा साधा नसतो. ‘ब्लॅक विडो’च्या कुळातले कोळीही भारतात नोंदले गेले आहेत. पण आक्षेप घेणाऱ्याने यांच्या विषाची लक्षणे पाहावीत. झाडावरचा टॅरँट्युला चावला तर तीव्र वेदना होतात आणि नंतर स्नायूंत पेटके येतात. ब्लॅक विडोच्या विषाने घाम सुटतो, पोट आणि पाठ आवळून येते. पू दोघांच्याही चाव्यात होत नाही. आणि नेरूळच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यांपैकी कोणी पलंगावर चढण्याची शक्यता नगण्यच. म्हणजे कॅन्सससारख्या, खरा धोकादायक कोळी असलेल्या प्रदेशातही आळ बहुधा खोटा ठरत असेल, तर नवी मुंबईत तो खरा ठरण्याची शक्यता आणखी कमी होते.

विष आणि जंतू यांतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही, घड्याळ पुरते. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच कोकणातले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तासातासाला तपासून नोंदी ठेवल्या. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निरीक्षण छापून आले आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वर्णनातला विंचूदंश म्हणजे काही मिनिटांत वेदना, मग घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि फुफ्फुसांत पाणी: सगळे काही तासांत. दंशाच्या जागी मात्र पाहण्यासारखे फारसे नसते. प्राण्याचे विष शरीरात तयारच येते, म्हणून ते लगेच कामाला लागते. जिवाणू थोडे येतात आणि आत वाढतात; त्यांना दिवस लागतात. पहिल्या दिवशी पुटकुळी, दुसऱ्या दिवशी सूज, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका आणि पू, हा क्रम दिसला तर तो वाढणाऱ्या जिवाणूंचा समजावा.

मग हे जिवाणू येतात कुठून? बाहेरून कमी, घरातूनच जास्त. दर १० माणसांपैकी साधारण ३ जणांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कोणताही त्रास न देता राहत असतो. डास चावला, नखाने खाजवले, दाढी करताना किंवा वॅक्सिंगमध्ये केस मुळाशी तुटला, लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेला कपडा मांडीला घासत राहिला, की त्याला वाट मिळते. केसाच्या मुळाशी शिरला की केसतूड, अनेक मुळे एकत्र धरली की काळपुळी, आणि आत पू साठला की गळू. या जिवाणूचे काही वाण पांढऱ्या पेशी फोडणारे विष बनवतात. त्यामुळे मधला भाग काळा पडतो आणि भोवती लाल वर्तुळ उठते. लोकांच्या मनात कोळ्याच्या चाव्याचे जे चित्र असते ते नेमके हेच. त्यातले काही वाण मेथिसिलिन गटाच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांनी ते मरत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत सहभागी असलेल्या मोठ्या रुग्णालयांतल्या नमुन्यांत स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी ४० टक्क्यांहून अधिक असे निघाले आहेत. रुग्णालयांत येणारे आजार अवघडच असतात, म्हणून हा आकडा घरोघरच्या गळवांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तीन दिवसांच्या अंदाजी गोळ्या का लागू पडत नाहीत, याचे एक कारण त्यात आहे.

प्रत्येक खोटा चावा गळूच असतो असेही नाही, आणि इथे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती जमणाऱ्या किड्यांत मुंगीएवढा, लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा असतो. बरेच जण त्याला ‘ॲसिड फ्लाय’ म्हणतात. तो ना चावतो ना डंख मारतो. मानेवर बसलेला तो हाताने चिरडला की त्याच्या शरीरातले पेडेरिन नावाचे रसायन कातडीला लागते. त्या वेळी काहीच कळत नाही. साधारण दिवसभराने, हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने भाजल्यासारखा लांबट पट्टा उठतो, त्यावर फोड येतात, आणि कोपराच्या घडीत असेल तर समोरच्या कातडीवर त्याचा हुबेहूब ठसा उमटतो. घरोघर याचे निदान ‘कोळी मुतला’ असे होते. छातीच्या किंवा कंबरेच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड येऊन आग होत असेल तर ती नागीण, म्हणजे कांजिण्यांचाच जुना विषाणू. तिला पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू केले तर फायदा जास्त. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटने डागल्यासारखी काळी, न दुखणारी खपली आणि सोबत ताप असेल तर स्क्रब टायफसचा विचार करावा. गवतातल्या सूक्ष्म माइटच्या अळीमुळे होणाऱ्या या आजाराचे २०१८ साली नागपूर आणि विदर्भात अनेक रुग्ण सापडले होते. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण ओळखला तरच. आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, तर अंगावर खूण असो वा नसो, मण्यारीचा दंश समजून तडक रुग्णालय गाठावे. ‘काहीतरी चावले असेल’ म्हणून वाट पाहणे जिवावर बेतू शकते ते या प्रसंगी.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे: मानले की कोळ्याचे विष पू करत नाही, पण चाव्याने कातडी फुटते, त्यातून जंतू आत जाऊ शकत नाहीत का? जाऊ शकतात. डासाच्या चाव्यातून जातात, काट्यातून जातात, तसे कोळ्याच्या चाव्यातूनही जातील. पण प्रत्यक्षात ओळख पटलेल्या चाव्यांत असा संसर्ग क्वचितच आढळला आहे. आणि समजा एखाद्या जखमेत तसे झालेच, तरी उपचार करायचा तो जंतूंवरच. कोळ्याच्या दंशावर प्रतिविष आपल्याकडे बनत नाही, आणि पू धरलेल्या जखमेत त्याचा उपयोगही नसता. म्हणजे आक्षेप मान्य केला तरी निष्कर्ष बदलत नाही. उलट आरोपी मनात पक्का बसला की उपचार कुठे भरकटतात, ते २०१२ साली आसामातल्या सदियाला दिसले. तिथे कोळ्यांनी हल्ला केल्याची हाकाटी उठली, दोन माणसे दगावली, आणि काही रुग्णांनी आधी मांत्रिक गाठल्याचे व तिथे ब्लेडने चिरा देऊन ‘विष’ काढल्याचे बाहेर आले. आपल्याकडे शहरात ब्लेड नसेल, पण सेफ्टी पिनने गळू फोडणे आणि वरून तंबाखू बांधणे त्याच जातीचे आहे.

आता रेंगाळणाऱ्या जखमांकडे वळू. जखम महिनाभर हटत नाही याचा अर्थ विष जहाल होते असा लोक लावतात. खरी कारणे बहुतेक साधी असतात. पहिले, पू आतच राहतो. गळवाभोवती शरीर जाड आवरण धरते आणि रक्तातले औषध पुवात पुरेसे पोहोचत नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गळू नीट चिरून पू काढल्यावर, प्रतिजैविक न देताही जवळजवळ ७४ टक्के रुग्ण बरे झाले. प्रतिजैविक दिल्यावर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या थोडे वर गेले. औषध उपयोगी आहे, पण मोठे काम चिरेचे आहे. दुसरे, मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि अनेकांना तो कळतो तो न भरणाऱ्या जखमेमुळेच. तिसरे, पायाच्या बोटांतल्या चिखल्या. ओल्या बुटांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फाटते, तिथून स्ट्रेप्टोकोकस शिरतो आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो. पायावरच्या सुजेला औषध मिळते, चिखल्या तशाच राहतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पाय पुन्हा सुजतो.

चौथे कारण केमिस्टच्या फळीवर असते. स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेल्या ट्यूबा स्वस्त असतात आणि लावल्या की दोन दिवसांत खाज आणि लाली ओसरते. धूर थांबतो, आग आतल्या आत पसरते. गजकर्णाची कडा पुसट होते, चट्टा मोठा होत जातो, आणि बुरशी औषधांना सरावते. भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेल्या अशाच चिवट बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची मुभा काढून घेतली. तरी ‘भाऊ, चट्ट्याची ट्यूब द्या’ एवढे म्हटले की ती आजही मिळते. पाचवे कारण म्हणजे जंतूच वेगळा असणे. सारसोळे जेटीवर शिंगाळ्याचा काटा किंवा कालवाची धार हाताला लागलेल्या मासेमाराला आठवड्यांनंतर बोटावर गाठ आली आणि मनगटाकडे ओळीने नव्या गाठी उठत गेल्या, तर पाण्यातला मायकोबॅक्टेरियम असू शकतो, आणि त्याला महिनोन् महिने औषध लागते. त्वचेचा क्षयही असाच संथ असतो. अंदाजाने दिलेली काही प्रतिजैविके क्षयाला अर्धवट दाबतात आणि निदान आणखी लांबवतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांत न भरलेल्या जखमेला नवे मलम देऊ नये. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवावा.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे: प्रत्येक पुटकुळीसाठी डॉक्टर कोण गाठणार, त्यापेक्षा केमिस्ट बरा. प्रत्येक पुटकुळीसाठी डॉक्टर लागत नाहीच. लहान केसतुडाला दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्याचा शेक, साबणाने धुणे, वर स्वच्छ पट्टी आणि न दाबण्याचा संयम, एवढ्याने ते बरेचदा बसते. घरी करण्यासारखी एक गोष्ट मात्र कोणत्याही मलमापेक्षा मोलाची आहे. बॉलपेनने लालीच्या कडेवरून रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. सहा-आठ तासांनी लाली रेघेच्या आत असेल तर थांबायला हरकत नाही. रेघ ओलांडून पुढे गेली असेल, ताप किंवा थंडी वाजून येत असेल, जखम चेहऱ्यावर असेल, रुग्णाला मधुमेह असेल, किंवा गाठ मऊ होऊन पू जाणवत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दिसते त्याच्या मानाने वेदना फार जास्त असतील, कातडी जांभळी पडत असेल किंवा फोड येत असतील तर रात्र काढू नये. मांस कुजवणारा संसर्ग तासांच्या हिशेबाने पसरतो. महापालिकेचे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दोन्ही नेरूळमध्येच आहेत. गळू चिरणे आणि पू कल्चरला पाठवणे यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कल्चरचा खर्च वाटतो खरा, पण लागू न पडलेल्या दोन-तीन प्रतिजैविकांचे बिल त्याहून हलके नसते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘काय चावले असेल’ यावर वेळ घालवण्यापेक्षा तीन गोष्टी सांगितल्या तर निदान लवकर होते: केव्हा सुरू झाले, कसे वाढत गेले, आणि आतापर्यंत काय काय लावले आणि घेतले, केमिस्टकडच्या ट्यूबेच्या नावासकट. घरात आणखी कोणाला गळवे आली होती का, हेही सांगावे; आली असतील तर जंतू घरातच फिरत आहे आणि एकट्याच्या उपचाराने भागणार नाही. भिंतीवरचा कोळी यात कुठेच येत नाही. तो झुरळे आणि डास खातो, त्याला तिथेच राहू द्यावे. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला वेगळा टॉवेल आणि वेगळा रेझर द्यावा, आणि उपाशीपोटी साखर एकदा तपासून घ्यावी.